वार, नाळ आणि पाणमोट : बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या ऊतींतले कोलॅजेन कसे काढतात, कुठे वापरतात?

"डॉक्टर, माणसाची वार लावणार म्हणे ह्यांच्या पायाला! तुम्हीच सांगा, असलं काही करतात का?"

माझ्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्या एका काकूंचा हा प्रश्न. काकांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायाची जखम तीन महिने भरत नव्हती, म्हणून मी त्यांना शहरातल्या सर्जनकडे पाठवले होते. सर्जनने जखम साफ केली आणि "अम्नियनचे ड्रेसिंग करू" असे सांगितले. अम्नियन म्हणजे काय, हे काकूंनी बाहेर नर्सला विचारले आणि उत्तर ऐकून दोघेही ड्रेसिंग न करता परत आले.

त्यांची किळस मी समजू शकतो. पण जखम उघडी ठेवून परत येणे धोक्याचे होते. म्हणून ज्या गोष्टी त्या दिवशी काकूंना सांगितल्या, त्याच इथे सविस्तर लिहीत आहे. तुमच्या घरात कोणाला असे ड्रेसिंग सुचवले असेल, किंवा प्रसूतीपूर्वी रुग्णालयाने तुमच्यापुढे 'वार दान' करण्याचा अर्ज ठेवला असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे.

थोडक्यात

- बाळ जन्मल्यावर वार, नाळ आणि पाणमोटेचे पडदे शरीराबाहेर पडतात. त्यांचे काम संपलेले असते.
- या ऊतींमध्ये कोलॅजेन नावाचे प्रथिन भरपूर असते. ते माणसाचेच असल्याने आपले शरीर त्याला सहसा विरोध करत नाही.
- पाणमोटेचा आतला पडदा स्वच्छ व निर्जंतुक करून डोळ्याच्या शस्त्रक्रियेत, भाजलेल्या जखमेवर आणि न भरणाऱ्या जखमांवर वापरतात.
- वारेतून शुद्ध कोलॅजेनही काढता येते. ते मुख्यतः प्रयोगशाळेत आणि संशोधनात वापरले जाते.
- आईची लेखी संमती आणि रक्ताच्या तपासण्या यांशिवाय या ऊती वापरू नयेत.
- वार खाणे, तिच्या कॅप्सूल घेणे किंवा सौंदर्यासाठी तिच्या अर्काची इंजेक्शने घेणे, यांचा सिद्ध झालेला फायदा नाही. धोका मात्र आहे.

वार, नाळ आणि पाणमोट म्हणजे नेमके काय?

गर्भ पोटात असताना त्याला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू पुरवणारा अवयव म्हणजे वार. आयुर्वेदात तिला अपरा म्हणतात. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची वार जाड भाकरीसारखी गोल असते. तिचे वजन साधारण अर्धा किलो, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सुमारे एक षष्ठांश असते. रुंदी १५ ते २२ सेंटिमीटर असते.

वारेला बाळाशी जोडणारी दोरी म्हणजे नाळ. तिची लांबी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर असते. तिच्यात दोन रोहिण्या आणि एक नीला अशा तीन रक्तवाहिन्या असतात. त्यांच्याभोवती पांढरट, बुळबुळीत गर असतो. टॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरने १६५६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला 'व्हार्टनची जेली' म्हणतात. नाळेला पीळ पडला तरी आतल्या रक्तवाहिन्या दबू नयेत, हे या गराचे काम. कोलॅजेन आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड हे त्याचे मुख्य घटक आहेत.

बाळ ज्या पाण्याने भरलेल्या पिशवीत असते, ती पाणमोट. तिला दोन पडदे असतात. बाहेरचा, गर्भाशयाला लागून असलेला पडदा म्हणजे कोरियन. आतला, बाळाकडचा पडदा म्हणजे अम्नियन. अम्नियन कांद्याच्या आतल्या पातळ पापुद्र्यासारखा पारदर्शक असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, नसाही नसतात. इतका पातळ असूनही तो नऊ महिने पाण्याचा आणि बाळाच्या लाथांचा ताण सहन करतो. हे बळ त्याला कोलॅजेनच्या जाळीमुळे मिळते.

कोलॅजेन म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश भाग कोलॅजेनचा असतो. त्वचा, हाडे, कुर्चा, स्नायूबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, डोळ्याचे बुबुळावरचे पारदर्शक पटल या सगळ्यांचा सांगाडा कोलॅजेनचा आहे. घराला जसे लोखंडी गज, तसे शरीराला कोलॅजेन.

कोलॅजेनचा रेणू तिपेडी वेणीसारखा असतो. प्रथिनाच्या तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. ही गुंफण पक्की होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की वेणी सैल राहते, हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमाही उघडतात. हाच स्कर्व्ही रोग.

कोलॅजेनचे आजवर २८ प्रकार ओळखले गेले आहेत. आपल्या विषयापुरते चार लक्षात ठेवा.

- पहिला प्रकार : त्वचा, हाड, स्नायूबंध. दोरखंडासारखा मजबूत.
- तिसरा प्रकार : रक्तवाहिन्या आणि मऊ अवयव. नव्या जखमेत आधी हाच तयार होतो.
- चौथा प्रकार : दोरीसारखा नसून चटईसारखा. पेशींचे थर ज्या पातळ पायावर बसतात, तो याचा बनलेला असतो.
- पाचवा प्रकार : पहिल्या प्रकारच्या तंतूंची जाडी ठरवायला मदत करतो.

वार आणि तिच्या पडद्यांमध्ये हे चारही प्रकार एकत्र सापडतात. कातड्यात किंवा हाडात त्यांचे प्रमाण वेगळे असते. तिथे बहुतांश पहिलाच प्रकार असतो.

मटणाच्या पायांचे सूप रात्री फ्रीजमध्ये ठेवले की सकाळी त्याची जेली झालेली दिसते. ते कोलॅजेनच आहे, पण मोडलेले. उकळल्यावर वेणी उसवते आणि जिलेटिन बनते. सुतार वापरतात तो सरसही असाच कातडी आणि हाडे उकळून करतात. 'कोलॅजेन' हा शब्दही सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. वैद्यकीय वापरासाठी मात्र वेणी न उसवता कोलॅजेन काढावे लागते. सगळी अडचण तिथेच आहे.

जनावरांचे कोलॅजेन असताना माणसाचे कशाला?

औषधात वापरले जाणारे बरेचसे कोलॅजेन गाईगुरांच्या किंवा डुकरांच्या कातडीतून आणि माशांपासून येते. ते स्वस्त असते आणि भरपूर मिळते. पण त्याच्या तीन अडचणी आहेत.

पहिली, अ‍ॅलर्जी. अमेरिकेत १९८१ मध्ये गाईच्या कोलॅजेनचे इंजेक्शन चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी मंजूर झाले. सुमारे तीन टक्के लोकांना त्याची अ‍ॅलर्जी असे, म्हणून आधी हातावर चाचणी करावी लागे. दुसरी अडचण जनावरांच्या रोगांची. ब्रिटनमध्ये गाईंना झालेल्या 'मॅड काऊ' आजारानंतर ही भीती वाढली. तिसरी, धर्म आणि श्रद्धा. गाईचे किंवा डुकराचे कोलॅजेन चालणार नाही असे सांगणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत.

माणसाच्या वारेतल्या कोलॅजेनला यातल्या बऱ्याच अडचणी नाहीत. शिवाय ते मिळवण्यासाठी कोणाच्याही शरीरावर वेगळी जखम करावी लागत नाही. भारतात दरवर्षी दोन कोटींहून जास्त बाळे जन्मतात. एका वारेचे वजन अर्धा किलो धरले, तर वर्षाला दहा हजार टनांहून अधिक ऊती होतात. ती जवळजवळ सगळी जाळली किंवा पुरली जाते.

वापरण्याचे दोन मार्ग

इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो, म्हणून दोन्ही मार्ग वेगळे समजून घ्या.

*मार्ग पहिला : पडदा जसाच्या तसा वापरणे*

यात कोलॅजेन बाहेर काढत नाहीत. अम्नियनचा पडदाच स्वच्छ करून त्याचे कोलॅजेनचे जाळे जखमेवर पसरतात. काकांना सुचवलेले ड्रेसिंग हेच होते.

शक्यतो ठरवून केलेल्या सिझेरियनमधली वार घेतात, कारण तिला योनिमार्गातल्या जंतूंचा संपर्क झालेला नसतो. पडदा वारेपासून हाताने सोलून काढतात. निर्जंतुक सलाईनने रक्त निघून जाईपर्यंत धुतात. डोळ्यासाठी वापरायचा पडदा बऱ्याचदा ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात उणे ८० अंश तापमानाला गोठवून ठेवतात. जखमांसाठीचा पडदा गोठवून कोरडा करतात, पाकिटात सीलबंद करतात आणि कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यासाठी साधारण २५ किलोग्रे इतकी मात्रा देतात. या किरणांमुळे पडदा किरणोत्सर्गी होत नाही, हे आवर्जून सांगतो. इंजेक्शनच्या सिरिंजही याच पद्धतीने निर्जंतुक केल्या जातात.

आपल्याकडे हे काम जुने आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊती पेढी, म्हणजे टिश्यू बँक आहे. तिथे अम्नियनचे पडदे आणि हाडांचे तुकडे प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णालयांना दिले जातात. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारे तुर्भे येथील 'आयसोमेड' केंद्र तर १९७४ पासून सुरू आहे.

*मार्ग दुसरा : कोलॅजेन वेगळे काढणे*

यात संपूर्ण वार किंवा तिचे पडदे घेऊन त्यातले कोलॅजेन शुद्ध स्वरूपात काढतात. पायऱ्या साधारण अशा असतात.

1. धुणे. वार रक्ताने भरलेली असते. तिचे लहान तुकडे करून थंड पाण्यात आणि मिठाच्या द्रावणात पुन्हा पुन्हा धुतात. तुकडे पांढरे दिसेपर्यंत हे चालते.
2. वाटणे. तुकडे थंड ठेवूनच बारीक वाटतात. यंत्र तापले तर कोलॅजेनचे जिलेटिन होते, म्हणून सगळे काम चार अंश सेल्सिअसच्या आसपास करतात.
3. इतर प्रथिने व चरबी काढणे. क्षारांच्या द्रावणात विरघळणारी प्रथिने निघून जातात. कोलॅजेन विरघळत नाही, ते मागे राहते.
4. आम्ल आणि पेप्सिन. आता सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते त्याच आम्लात, पेप्सिन मिसळतात. पेप्सिन हे आपल्या जठरातले पाचक विकर आहे. ते वेणीची मोकळी टोके कापते, पण घट्ट विणलेला मधला भाग त्याला कापता येत नाही. टोके तुटली की एकमेकांना बांधलेले तंतू सुटे होऊन द्रावणात उतरतात. अ‍ॅलर्जीला कारण होणारा बराच भाग या टोकांत असतो, त्यामुळे हा दुहेरी फायदा.
5. मिठाने वेगळे करणे. आम्लातल्या द्रावणात मीठ थोडे घातले की पहिला आणि तिसरा प्रकार खाली बसतो. मीठ आणखी वाढवले की चौथा आणि पाचवा.
6. शुद्ध करून वाळवणे. उरलेले मीठ आणि आम्ल काढून टाकतात, मग गोठवून कोरडे करतात. हाती येते ते कापसासारखे पांढरे, हलके कोलॅजेन.

आणखी एक पद्धत आहे. वारेला किंवा नाळेला सौम्य डिटर्जंटने धुऊन त्यातल्या सगळ्या पेशी काढून टाकतात. मागे कोलॅजेनचा रिकामा सांगाडा उरतो. त्यावर नव्या पेशी वाढवता येतील का, यावर संशोधन चालू आहे.

वारेतून काढलेले चौथ्या प्रकारचे कोलॅजेन आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. पेशी वाढवण्याच्या बशीवर त्याचा थर दिला की पेशींना शरीरात असल्यासारखा आधार मिळतो.

ही कल्पना नवी नाही

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले सर्जन जॉन स्टेज डेव्हिस यांनी १९१० मध्ये गर्भाचे पडदे त्वचारोपणासाठी वापरल्याची नोंद केली. १९१३ मध्ये भाजलेल्या जखमांवर त्यांचा वापर झाला. १९४० मध्ये डी रॉथ यांनी डोळ्यावर प्रयोग केला. नंतर ही पद्धत मागे पडली. १९९५ मध्ये किम आणि त्सेंग यांनी सशांच्या डोळ्यांवर केलेले काम प्रसिद्ध झाले आणि नेत्रतज्ज्ञांनी अम्नियन पुन्हा हाती घेतला.

वारेचा औद्योगिक वापरही झाला आहे. फ्रान्समधली मेरियू संस्था अनेक देशांतल्या प्रसूतिगृहांतून गोठवलेली वार गोळा करून तिच्यातून अल्ब्युमिन आणि गॅमा ग्लोब्युलिन काढत असे. गोशे या दुर्मिळ आनुवंशिक आजारावरचे पहिले प्रभावी औषध १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेही वारेतूनच काढलेले होते. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी हजारो बाळंतपणांतली वार लागे. काही वर्षांतच तेच औषध जनुकीय तंत्राने प्रयोगशाळेत तयार होऊ लागले आणि वारेची गरज संपली.

या इतिहासातून एक धडा मिळतो. हजारो स्त्रियांच्या ऊती एकाच पिंपात मिसळल्या, तर एका संसर्गित वारेमुळे सगळा साठा धोक्यात येतो. आणि त्या काळात बहुतेक आयांना आपली वार कुठे जाते, हे कोणी सांगितलेही नव्हते.

कोणत्या रुग्णांना उपयोग होतो?

*डोळे.* अम्नियनचा सर्वात पक्का उपयोग इथे आहे. बुबुळावर वाढणारा मांसाचा पडदा काढल्यानंतर, न भरणाऱ्या व्रणावर आणि रसायनाने भाजलेल्या डोळ्यावर तो लावतात. आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यात चुना जाण्याचे प्रकार होतात. असे झाले तर लगेच, जागेवरच, स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवा आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे न्या. डोळ्यात दूध, तूप किंवा मध घालू नका. पुढे लागला तर अम्नियन मदत करतो, पण दृष्टी वाचवणारा पहिला उपाय पाणीच आहे.

*भाजणे.* वरवर भाजलेल्या जखमेवर पडदा चिकटला की वेदना कमी होतात, पाणी झिरपणे थांबते आणि रोजचे ड्रेसिंग सोडवण्याचा त्रास वाचतो. खाली नवी त्वचा आली की पडदा वाळून आपोआप सुटतो. खोल भाजलेल्या जागी मात्र तो त्वचारोपणाची जागा घेऊ शकत नाही.

*न भरणाऱ्या जखमा.* मधुमेहाच्या किंवा शिरांच्या आजारामुळे झालेल्या पायाच्या जुन्या जखमांवर वाळवलेला पडदा वापरतात. तो जखमेला ओलावा आणि पेशींना चढायला जाळी देतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काकांची जखम पुढे भरली, पण ती एकट्या पडद्याने भरली नाही. मेलेली त्वचा काढली, साखर ताब्यात आणली, पायावरचा भार कमी करणारी चप्पल दिली आणि पायाचा रक्तपुरवठा ठीक आहे ना हे तपासले. या चार गोष्टी नसतील तर कितीही महागडा पडदा लावला तरी उपयोग नाही.

धोके कोणते? ते कसे टाळतात?

माणसाची ऊती म्हणजे संसर्गाची शक्यता आलीच. म्हणून आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क आणि सिफिलिससाठी तपासणी करतात. संसर्ग नुकताच झाला असेल तर तो पहिल्या तपासणीत कळत नाही, म्हणून काही पेढ्या सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करून मगच पडदा वापरायला देतात.

पुढील परिस्थितीत वार दानासाठी घेत नाहीत.

- आईला यांपैकी एखादा संसर्ग किंवा कर्करोग असणे
- प्रसूतीच्या वेळी ताप असणे किंवा पाणमोट फुटून बराच वेळ झालेला असणे
- बाळाने पोटातच शी केल्याने पाणी हिरवे झालेले असणे
- वार तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे पाठवण्याची गरज असणे

पेढीतल्या पडद्याच्या प्रत्येक पाकिटावर क्रमांक असतो. त्यावरून तो कोणत्या दात्याचा आहे, हे पेढीला शोधता येते. तुमच्या रुग्णाला लावलेल्या पडद्याच्या पाकिटाचे लेबल केस पेपरला चिकटवले आहे ना, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

वार कोणाची? संमती आणि कायदा

इंटर्न असताना मी एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काम करत होतो. वार पूर्ण पडली ना, तुकडा आत राहिला नाही ना, हे पाहायचे आणि पिवळ्या पिशवीत टाकायची, एवढेच मला माहीत. एका बाळंतिणीच्या सासूबाईंनी वार मागितली. त्यांच्या घरी ती परड्यात पुरायची पद्धत होती. "नियम आहे, मिळणार नाही," एवढेच मी म्हणालो. त्या काही न बोलता गेल्या. कारण सांगायला मला दोन मिनिटे लागली असती. आज ते सांगतो.

रुग्णालयातली वार ही मानवी शरीराचा भाग म्हणून जैववैद्यकीय कचऱ्यात मोडते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती पिवळ्या पिशवीत टाकून जाळावी किंवा ठरवून दिलेल्या पद्धतीने खोल पुरावी लागते. रक्तातून पसरणारे आजार आणि उघड्यावर टाकलेल्या ऊती उकरणारी कुत्री, ही त्यामागची कारणे आहेत. ज्या मातीत नाळ पुरली तिच्याशी माणसाचे नाते जुळते, ही आपली समजूत खोटी ठरवण्यासाठी हा नियम नाही.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश झाला आणि ऊती पेढ्यांना नोंदणी आवश्यक झाली. तुमच्यापुढे अर्ज आला तर सही करण्यापूर्वी हे विचारा.

- वार कोणत्या संस्थेकडे जाणार? तिची नोंदणी आहे का?
- ती रुग्णांसाठी वापरणार की संशोधनासाठी? संशोधनासाठी असेल तर नैतिक समितीची परवानगी आहे का?
- माझे नाव गुप्त राहील का? तपासणीत काही आढळले तर मला सांगतील का?
- मी नाही म्हटले तर माझ्या उपचारात काही फरक पडेल का? (याचे उत्तर 'नाही' असेच असले पाहिजे.)

सही कळा सुरू असताना नव्हे, तर आधी, गरोदरपणाच्या तपासणीच्या वेळी घेतली जावी. दान म्हणजे दान. त्याचे पैसे घेऊ किंवा देऊ नयेत. आणि दानासाठी नाळ कापण्याची घाई करू देऊ नका. बाळ आणि आई ठीक असतील तर किमान एक मिनिट थांबून नाळ कापावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यामुळे बाळाला जास्तीचे रक्त आणि लोह मिळते. पडद्याचे त्यात काही बिघडत नाही.

बाजारातल्या गोष्टींचे काय?

*कोलॅजेन पावडर.* दुकानात मिळणारी पावडर गाईगुरे, डुक्कर किंवा मासे यांच्यापासून बनते. तिच्यात माणसाची वार नसते. वनस्पतींमध्ये कोलॅजेन नसतेच, त्यामुळे 'शाकाहारी कोलॅजेन' असे लिहिलेल्या डब्यात बहुधा क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्ले असतात. लेबल वाचून घ्या. खाल्लेले कोलॅजेन पोटात पचते. ते थेट चेहऱ्यावर किंवा गुडघ्यात जाऊन बसत नाही. डाळी, दूध, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने, आवळा, पेरू, लिंबू यांतून क जीवनसत्त्व आणि तंबाखू बंद, हा शरीराचे स्वतःचे कोलॅजेन जपण्याचा स्वस्त मार्ग आहे.

*वारेच्या अर्काची औषधे.* भारतात २०११ मध्ये केंद्र सरकारने यांचा वापर मर्यादित केला. जखमेवर बाहेरून लावणे आणि स्त्रियांच्या ओटीपोटातील संसर्गजन्य सूज, एवढ्यापुरतीच ती वापरता येतात. गोरेपणा किंवा तारुण्य यांसाठी कोणी अशी इंजेक्शने सुचवत असेल तर सरळ नाही म्हणा. जपानमध्ये वारेच्या अर्काची इंजेक्शने घेतलेल्यांना रक्तदान करू देत नाहीत. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत मानवी ऊतींपासून काढलेले घटक वापरायला बंदी आहे.

*वार खाणे.* परदेशात काही बाळंतिणी वार वाळवून कॅप्सूलमधून घेतात. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २०१६ मध्ये एका नवजात बाळाला रक्तात गंभीर जंतुसंसर्ग झाला. आई घेत असलेल्या वारेच्या कॅप्सूलमध्ये तेच जंतू सापडले. वाळवल्याने वार निर्जंतुक होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दुसऱ्याचा पडदा माझे शरीर नाकारेल का?*
सहसा नाही. अम्नियनच्या पेशी शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या फारशा नजरेत येत नाहीत आणि प्रक्रियेत त्या मरतातच. मूत्रपिंड बदलल्यावर लागतात तशी औषधे इथे लागत नाहीत, रक्तगट जुळवावा लागत नाही.

*पडदा लावल्यावर काय काळजी घ्यावी?*
ड्रेसिंग ओले होऊ देऊ नका आणि स्वतः सोडू नका. ताप, दुर्गंधी, पू, आजूबाजूची त्वचा लाल होणे किंवा बोटे काळी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

*वार, नाळ यांची ऊती पैसे भरून साठवून ठेवावी का?*
नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नाळेतले रक्त वगळता अशा इतर जैविक गोष्टींच्या व्यापारी साठवणुकीला परवानगी नाही. नाळेतले रक्त खासगी पेढीत ठेवण्याचीही शिफारस परिषद करत नाही.

*हे वापरणे अशुद्ध किंवा अधर्म आहे का?*
हा निर्णय तुमचा. डॉक्टर म्हणून मी एवढेच सांगू शकतो की रक्तदानात आपण जे रक्त घेतो तेही कोणाच्या तरी शरीरातलेच असते.

काकूंनाही मी हेच म्हणालो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "म्हणजे कुणा लेकुरवाळीनं दिलंय ते?" मी हो म्हणालो. "मग तिचं भलं होवो," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन सर्जनकडे गेल्या.

*ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. जखम, डोळ्याची इजा किंवा प्रसूतीबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*